सापडलेल्या तबकडीचे नाव-गाव

१९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अंतराळात सोडली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे आणि पृथ्वीवरच्या निवडक संगीताबरोबर तिच्यात केसरबाई केरकर यांनी भैरवीत गायलेले ‘जात कहाँ हो’ आहे. गोव्यातील केरी गावात जन्मलेल्या गायिकेचा आवाज आज ताऱ्यांमधल्या अवकाशातून चालला आहे, हे आपण अभिमानाने सांगतो; तो तिथवर कसा पोहोचला, हे मात्र फारसे सांगत नाही. रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने ते गाणे सुचवले होते. सुचवल्यानंतर लक्षात आले की त्याची प्रत सहजासहजी मिळत नाही. निवड करणाऱ्या गटातील अ‍ॅन ड्रुयन यांनी बरीच शोधाशोध केली, तेव्हा न्यूयॉर्कमधील एका भारतीय दुकानात मागे पडून राहिलेल्या खोक्यात ती तबकडी हाती लागली. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला, दुसरे यान उडाल्यानंतर अकरा दिवसांनी, केसरबाई गेल्या.

या हकिगतीत तीन माणसे आहेत. गाणे कोणते, गायिका कोण, राग कोणता हे नेमके सांगणारा एक जण. त्या माहितीच्या आधारे दुकाने पालथी घालणारी एक जण. आणि विकली न गेलेली तबकडी रद्दीत न टाकता ठेवून देणारा एक दुकानदार. तिघांपैकी एकाने जरी आपले काम केले नसते, तरी ती जागा दुसऱ्या कोणत्या तरी गाण्याने भरली असती. तबकड्या जमवणाऱ्या आणि जमवलेले एकमेकांना दाखवणाऱ्या आजच्या रसिकांबद्दल मला जे म्हणायचे आहे, ते या तिघांमुळेच सुचले.

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी, मुंबईच्या चोर बाजारात, कोल्हापूर-सांगलीकडच्या भंगारवाल्यांकडे आजही जुन्या तबकड्या निघतात. हौशी मंडळी सकाळी लवकर जातात, धुळीत बसून गठ्ठे चाळतात, एखादी हाती लागली की मोबाईलवर तिचे छायाचित्र काढतात आणि मित्रांना पाठवतात. बघता बघता कौतुकाचा वर्षाव होतो. ‘दुर्मिळ’ हा शब्द येतो, किंमत विचारली जाते, कोणीतरी ‘माझ्याकडे याची दुसरी प्रत आहे’ असे सांगतो, आणि विषय संपतो. तबकडी कपाटात जाते. तिच्यावर काय आहे हे छायाचित्र पाहणाऱ्या शंभर जणांना कळत नाही, आणि पुष्कळदा ती विकत घेणाऱ्यालाही कळत नाही, कारण त्याच्याकडे ती वाजवण्याचे योग्य साधन नसते. मी स्वतः कित्येक वर्षे असेच केले, म्हणून हे दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की जुनी तबकडी नुसती दाखवणे म्हणजे ती लोकांपर्यंत पोहोचवणे नव्हे. तिचा पूर्ण तपशील सांगणे आणि कायद्याने मोकळी असेल तर ती ऐकवणे हे संग्राहकाचे कर्तव्य आहे, आणि हे कर्तव्य पेलता येईल अशी सार्वजनिक व्यवस्था उभी करणे हे शासनाचे.

तपशिलाला मी इतके महत्त्व का देतो, हे आधी सांगतो. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली ती १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये, कोलकात्यात. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गाइसबर्ग तिथे आले आणि त्यांनी ज्या कलावंतांचे आवाज मुद्रित केले त्यांत गौहरजान होत्या. मुद्रणाच्या शेवटी त्या स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारतात. १९०८ साली कोलकात्यातील सियालदह येथे कारखाना सुरू होईपर्यंत आपल्याकडच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कामगारांना कोणता आवाज कोणाचा हे कळावे म्हणून नाव पुकारण्याची ही पद्धत पडली, असे मानले जाते. त्या काळातील आणखीही अनेक गायक-गायिकांच्या तबकड्यांवर असे पुकारलेले नाव ऐकू येते. आपला आवाज परक्या माणसांच्या हाती जाणार आहे, तेव्हा त्याबरोबर आपले नावही गेले पाहिजे, ही जाणीव त्या पहिल्या पिढीच्या कलावंतांच्या कामात होती. सव्वाशे वर्षांनंतर आपण त्याच तबकडीचे छायाचित्र नाव-गाव कापून पाठवतो, याची मला मनापासून खंत वाटते.

तबकडीचा तपशील म्हणजे फक्त गायकाचे नाव नव्हे. मधल्या गोल कागदावर कंपनीचे नाव आणि विक्रीचा क्रमांक असतो, पण त्याहून मोलाचा असतो तो कागदालगतच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मुद्रणाचा क्रमांक, ज्याला जाणकार ‘मॅट्रिक्स नंबर’ म्हणतात. विक्रीचा क्रमांक बदलू शकतो. तेच गाणे पुढे दुसऱ्या नावाखाली, दुसऱ्या रंगाच्या कागदासह पुन्हा बाजारात येते. मुद्रणाचा क्रमांक मात्र त्या विशिष्ट दिवशी, त्या विशिष्ट बैठकीत झालेल्या मुद्रणाचा असतो. एकाच गायकाने एकच चीज दोनदा गायली असेल, तर दोन तबकड्या वेगळ्या आहेत की एकच, हे त्या क्रमांकावरूनच ठरते. एखाद्या गायकाने कोणत्या वर्षी, कोणत्या क्रमाने काय गायले, याचा इतिहास असे क्रमांक एकमेकांशेजारी मांडूनच उभा राहतो. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किन्नियर यांनी भारतातील आरंभीच्या मुद्रणांची जी सूची केली आणि मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने १९९४ साली प्रसिद्ध केली, तिचा पाया हाच आहे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या भारतीय तबकडी-संग्राहकांच्या संस्थेने, विशेषतः सुरेश चांदवणकर यांनी, संग्राहकांना माहिती नोंदवून प्रसिद्ध करण्याची सवय लावण्याचा प्रयत्न केला. ही सारी मंडळी स्वतःच्या खिशाला खार लावून काम करत होती. त्यांनी घालून दिलेली वाट आपण छायाचित्रांच्या गर्दीत हरवून बसू नये.

तबकडीवर विक्रेत्याचा शिक्का किंवा चिठ्ठीही असते. बेळगाव, हुबळी, सोलापूर, धुळे अशा गावांतील दुकानांची नावे त्यावर वाचायला मिळतात. नाट्यसंगीताची तबकडी सोलापुरात विकली गेली की हुबळीत, यावरून त्या काळी मराठी गाणे कुठवर ऐकले जात होते याचा अंदाज बांधता येतो. पुष्कळ जण तबकडी धुताना ती चिठ्ठी खरवडून काढतात. कृपा करून असे करू नये.

आता ऐकवण्याकडे वळतो. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली. दोघांचाही गाता आवाज आज कोणत्याही तबकडीवर ऐकायला मिळत नाही. महाराष्ट्राच्या गायनावर ज्यांची सर्वांत खोल छाप पडली अशा दोन माणसांची गायकी आपल्याला केवळ शिष्यांच्या गळ्यातून आणि आठवणींतून कळते. अशा वेळी शिष्यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या हाच पुरावा उरतो. अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीत आलाप आणि तान यांची वीण कशी होती, हे समजून घ्यायचे तर केसरबाईंचे गाणे, मोगूबाई कुर्डीकरांचे गाणे आणि खाँसाहेबांच्या इतर शिष्यांचे गाणे शेजारी शेजारी ठेवून ऐकावे लागते. त्यातली एक तबकडी एका घरात, दुसरी दुसऱ्या गावात आणि तिसरी कोणाकडे आहे हेच माहीत नाही, अशी अवस्था असेल तर तो अभ्यास होणार कसा? गाणे शिकणाऱ्या एखाद्या मुलीला कपाटातील तबकडीच्या छायाचित्राचा काडीचाही उपयोग नसतो.

ऐकवायचे तर नीट ऐकवले पाहिजे, हेही तितकेच खरे. जुन्या लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला साधारण ७५ मायक्रॉन जाडीची सुई लागते. नंतर आलेल्या लाँग प्ले तबकडीची सुई त्यापेक्षा पुष्कळ बारीक असते आणि ती रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते, त्यामुळे गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. भोंग्याच्या जुन्या यंत्रावर पोलादी पिनने वाजवली तर दर वेळी खाच झिजते, म्हणून कौतुकाने पाहुण्यांसाठी भोंगा लावणारा संग्राहक नकळत स्वतःच्याच ठेव्याची हानी करत असतो. त्याहून कमी बोलली जाणारी गोष्ट वेगाची आहे. तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांची म्हटली जाते, पण आरंभीच्या काळात मुद्रणाचा वेग दर वेळी नेमका तेवढाच नसे. वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला की आवाज एका पट्टीने वर किंवा खाली सरकतो. एखाद्या थोर गायिकेची पट्टी काळी चार होती की पांढरी सहा, याबद्दल आपण ज्या चर्चा करतो, त्यांतील काहींचे मूळ गळ्यात नसून यंत्राच्या वेगात असण्याची शक्यता आहे. म्हणून प्रत करणाऱ्याने कोणती सुई वापरली, वेग किती ठेवला, खरखर काढली असेल तर किती काढली, हे लिहून ठेवले पाहिजे आणि खरखर न काढलेली मूळ प्रतही जपली पाहिजे. आज चांगले वाटणारे स्वच्छ केलेले मुद्रण उद्याच्या कानांना सपाट वाटेल, आणि तोवर तबकडी फुटलेली असेल.

संग्राहकांचे आक्षेप मला माहीत आहेत आणि ते क्षुल्लक नाहीत. पैसे आम्ही मोजले, वणवण आम्ही केली, मग फुकटात सर्वांना का द्यायचे, असे ते विचारतात. याला माझे उत्तर असे आहे की मोजलेले पैसे वस्तूचे होते आणि ती वस्तू तुमचीच राहते. गाणे ऐकवल्याने तबकडीचे मोल घटल्याचे मी पाहिलेले नाही, उलट ऐकल्यावर ती हाती धरण्याची ओढ वाढते. दुसरी तक्रार अधिक खरी आहे. कष्टाने केलेली प्रत कोणीतरी उचलतो, तिच्यावर आपले नाव लावतो आणि स्वतःची म्हणून पसरवतो. हे घडते आणि ते चुकीचे आहे. पण त्यावर उपाय म्हणून काही जण गाण्याच्या मध्ये स्वतःच्या आवाजात नाव घालतात, ऐन तानेवर, समेच्या आधी, आणि तेही दोन-दोनदा. बालगंधर्वांच्या स्वरावर स्वतःचा शिक्का मारण्याचा अधिकार कोणत्याही संग्राहकाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. नाव सुरुवातीला किंवा शेवटी सांगावे, लिखित माहितीत द्यावे. ऐकणाऱ्यांनीही प्रत पुढे पाठवताना ते पुसू नये.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो बहुतेक वेळा अर्धवट माहितीवर उभा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९६० सालापर्यंत प्रसिद्ध झालेल्या सर्व तबकड्यांवरील कंपन्यांचा हक्क आता संपलेला आहे, आणि लाखेच्या तबकड्यांचे जवळजवळ सगळे युग त्यात येते. गीत आणि चाल यांचा हक्क मात्र वेगळा. तो कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. यासाठी प्रत्येक गाण्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, पण तो अवघड नाही. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत मानापमान’चे उदाहरण घ्या. पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, ते १९४८ साली गेले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या, ते १९५५ साली गेले. दोघांच्याही हक्काची मुदत संपली आहे. त्या नाटकातील पदांच्या जुन्या तबकड्या आता सर्वस्वी समाजाच्या मालकीच्या आहेत, आणि परंपरेने चालत आलेल्या बंदिशींचे तर बोलायलाच नको. जी तबकडी मोकळी नाही ती ऐकवू नये, तिचा तपशील तेवढा द्यावा. हयात कलावंताचा नवा अल्बम घेतला असेल तर मित्रांना तो विकत घ्यायला सांगावे. त्याची प्रत वाटणे हा त्याच्या भाकरीवर घाला आहे.

एका बाबतीत मात्र मी स्वतः अजून पुरता निश्चिंत नाही. तबकड्यांखेरीज आपल्याकडे खासगी मैफलींच्या मुद्रणांचा फार मोठा साठा आहे. स्पूलचे टेपरेकॉर्डर आले तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूर-धारवाडच्या रसिकांनी दिवाणखान्यातील बैठका मुद्रित करून ठेवल्या. तीन मिनिटांच्या तबकडीत जे कधीच मावले नाही, ते तासाभराचे ख्यालगायन त्यांत आहे. संगीताचा विद्यार्थी म्हणून मला वाटते की ही मुद्रणे बाहेर आली पाहिजेत. परंतु गायकाने त्या दिवशी चार ओळखीच्या माणसांसमोर गायले होते. आवाज बसलेला असेल, प्रयोग फसला असेल, मध्येच एखाद्या समकालीनाबद्दल मनमोकळे बोलणे झाले असेल. हे जगापुढे यावे अशी त्याची इच्छा होती की नाही, हे आपण कसे ठरवायचे? कायद्यानेही १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क दिला आहे. इथे मोकळेपणापेक्षा सभ्यता मोठी मानावी असा माझा कौल आहे. वारसांना विचारावे, त्यांनी नाही म्हटले तर ते मानावे, आणि तोवर मुद्रण एखाद्या संस्थेत केवळ अभ्यासकांना ऐकता येईल असे ठेवावे. लपवून ठेवणे आणि उधळून टाकणे यांच्या मधला हा मार्ग आहे, पण तो चालायचा तर संस्था हवी.

आणि संस्थेचाच मोठा अभाव आहे. संग्राहक जातो तेव्हा काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. परिचयातील एक सद्गृहस्थ चाळीस वर्षे तबकड्या जमवत होते. वाडा पाडून इमारत झाली, नव्या सदनिकेत जागा कमी, त्यानंतर वर्षभरात ते गेले. मुले परगावी. तबकड्या जड, ठेवायच्या कुठे, घेणार कोण? एका शैक्षणिक संस्थेत विचारणा केली, तेव्हा जागा नाही आणि नोंदणी करायला माणूस नाही असे उत्तर आले. अखेर एक टेम्पो आला आणि सगळा संग्रह वजनावर गेला. त्या माणसाच्या वहीत प्रत्येक तबकडीची सुवाच्य नोंद होती. वही कुठे गेली, ते त्याच्या मुलांनाही सांगता आले नाही.

गुरुग्राममध्ये लोकसंगीत आणि शास्त्रीय संगीताच्या मुद्रणांचे, १९८२ साली स्थापन झालेले एक चांगले अभिलेखागार आहे, कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाने हिंदुस्थानी संगीताचा संग्रह केला आहे, मुंबईत राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राकडे स्वतःचा संग्रह आहे. पण कोल्हापूरच्या एखाद्या घरातील दोनशे तबकड्या उचलून नेणारी, त्यांची योग्य यंत्रावर प्रत करून देणारी, मूळ मालकाचे नाव कृतज्ञतेने नोंदवणारी आणि प्रत कोणालाही ऐकू देणारी राज्याची व्यवस्था महाराष्ट्रात उभी राहिलेली नाही. पुस्तकांसाठी मात्र आपण १९५४ सालीच कायदा केला. प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची, असे त्यात ठरले आणि त्या तीनपैकी एक मुंबईत आहे. दोन वर्षांनी वर्तमानपत्रांचाही त्यात समावेश झाला. ध्वनिमुद्रणांचा आजही नाही. फ्रान्समध्ये मुद्रित ध्वनी राष्ट्रीय संग्रहात जमा करण्याची सक्ती १९३८ पासून अमलात आहे. ज्या देशात संगीत लिहून नव्हे तर ऐकून शिकले जाते, त्या देशात छापील शब्द जपण्याचा कायदा असावा आणि गायलेल्या शब्दाचा नसावा, ही विसंगती दुरुस्त करायला सत्तर वर्षे पुरेशी होती. कायद्यात ध्वनिमुद्रणांचा समावेश करावा ही मागणी केंद्राकडे करायला हवी. पण जुन्या संग्रहांसाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. दोन चांगली यंत्रे, योग्य सुया, दोन प्रशिक्षित माणसे आणि कोरडी खोली एवढ्यावर प्रत्येक विभागात एक केंद्र सुरू होऊ शकते. विद्यापीठांच्या संगीत विभागांनी हे काम अंगावर घेतले तर विद्यार्थ्यांना ऐकायलाही मिळेल आणि नोंदी करायलाही शिकता येईल.

तोवर संग्राहकांनी आपापल्या घरात जे शक्य आहे ते करावे. माझ्याकडे एकशे चाळीस तबकड्या आहेत. त्यांची यादी मी गेल्या पावसाळ्यात पूर्ण केली, एक प्रत घरातल्यांना दिली आणि दोन मित्रांकडे एकेक प्रत ठेवली. त्यातल्या एका तबकडीचे कोडे मात्र सुटलेले नाही. जुन्या बाजारातून आणलेल्या या दहा इंची तबकडीचा दोन्ही बाजूंचा कागद निघून गेला आहे, कागदालगत कोरलेला क्रमांक झिजून शेवटचे दोन आकडेच वाचता येतात, आणि एका बाजूला तडा आहे. धड असलेल्या बाजूवर एक बाई भीमपलासीची बंदिश गातात. साथीला सारंगी आहे, हार्मोनियम ऐकू येत नाही, आणि शेवटी त्या नाव पुकारतात, पण नेमक्या तिथेच खाच खराब झाल्यामुळे फक्त ‘बाई’ एवढेच उमटते. आवाज तीन जाणकारांना ऐकवला, तिघांनी तीन नावे सांगितली. कोणाच्या घरी हिची धड प्रत असेल तर कपाट उघडून एकदा शेवटपर्यंत ऐकावी.